दगडाची रेघ

मार्च संपता संपता बर्फाचं पाणी ओसरतं
आणि पॉपॉ ओढा आपलं पोट उलटं करून दाखवतो.
तेव्हा मी जाते. रबरी बूट, ओरव्हिलचं जुनं जाकीट,
खिशात लोखंडी खिळा, चुंबक, काचेचा तुकडा,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत व्हिनेगर,
आणि न्हाणीघरातून उरलेली एक फरशी,
तिची मागची, खरबरीत बाजू.

एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात मी बटाटे वाढले.
रांगेतल्या तोंडावरून कळायचं
कोण घरून उपाशी आलंय.
दगड तोंडावर काही येऊ देत नाहीत.
त्यांना घासावं लागतं.

दगडावरची रेघ म्हणजे पक्का शब्द, म्हणतात.
मी दगडालाच रेघ ओढायला लावते.
काळाकुट्ट, हातात जड असा एक होता,
फरशीवर त्याची रेघ उमटली वाळल्या रक्ताची.
हेमटाइट! मी मोठ्याने म्हटलं.
ओढ्यावर कोणी नव्हतं.

चुनखडी थेंबभर व्हिनेगरने फसफसते,
बिचारीच्या तोंडात तीळ भिजत नाही.
गारगोटी काचेवर ओरखडा काढते आणि गप्प.
सोनेरी ठिपक्यांनी मला दोन उन्हाळे झुलवलं,
शेवटी रेघ आली हिरवट काळी.
आणि विटेचे तुकडे, पाण्याने लाडवासारखे वळलेले.
दगडापेक्षा वीट मऊ, हे मी
खिळ्याने खात्री करून घेतलेलं आहे.

मग तो निळा.
सायकमोरच्या मुळांखाली, खेकड्याच्या अगदी दारात,
मुठीएवढा.
ओला असताना ब्लू जेच्या शेपटीचा निळा,
सुकला की धुतलेल्या जीन्सचा.
फुटलेली कड शिंपल्यासारखी, बोट कापणारी.
व्हिनेगरला ढिम्म. चुंबकाला ढिम्म.
रेघ पांढरी, म्हणजे हो नाही की नाही नाही.
तीन रात्री खिडकीत ठेवला.
नातू टकर म्हणाला, उल्का असेल.
ओरव्हिल म्हणाला, असली तर विक,
पिकअपला टायर हवेत.

शनिवारी डेल्बर्ट क्रॅबट्री ग्रंथालयाच्या तळघरात बसतात,
जन्म गेला खाणींची मोजणी करण्यात.
भिंग लावलं, दिव्याखाली फिरवला,
मग भिंग माझ्या हातात दिलं. "बुडबुडे बघ."
बघितले. जवसाहून बारीक, गोल,
काही लांबट, कुणी ओढत नेल्यासारखे.
"इथल्या कुठल्या दगडात हे सापडायचे नाहीत.
लोहकीट आहे. टेकडीमागच्या पडक्या भट्टीची मळी."
आणि भिंग पुसत बसले,
वाईट बातमी दिल्यासारखे.

मी थोडी चिडलेच.
कचरा, म्हणजे.
दीडशे वर्षांचा निळा कचरा.

गाडीची किल्ली फिरवताना आठवलं,
त्या भट्टीच्या हजेरीपटावर माझे पणजोबा आहेत.
एलायस. कोळसा भरणारे. रोजचे साठ सेंट,
त्यातले निम्मे कंपनीच्या दुकानाची चिठ्ठी.
फोटो नाही, थडग्यावरचं नाव शेवाळाने खाल्लंय.
लोखंड खाली, मळी वर,
मळी वाळूच्या पन्हळीतून बाहेर काढायची,
थंड झाली की ढकलगाडीने ओढ्याकडे.
कोणीतरी ती गाडी ढकलली.

बुडबुड्यात त्यांचा श्वास आहे वगैरे
मी म्हणणार नाही.
तो वायू कसा होतो ते डेल्बर्टनी समजावून सांगितलंय.
पण तो वायू त्या दिवसाचा आहे,
आणि त्या दिवसाचं दुसरं काही
आमच्या घरात नाही.

टायर ओरव्हिलने हप्त्यावर घेतले.

अंड्यांच्या पुठ्ठ्यात बारा खळगे आहेत.
निळा मावत नव्हता, त्याचा टवका अकराव्यात ठेवला,
चिठ्ठी लिहिली: लोहकीट, पॉपॉ ओढा, एलायसकडून.
बाराव्यात एक राखाडी आहे, तेलकट, मधोमध भोक.
डेल्बर्टनी भिंग दोनदा पुसलं
आणि काहीच बोलले नाहीत.
त्याच्या चिठ्ठीवर सध्या
फक्त तारीख आहे.